चाळीस काचा

ताईंनी बाटली आडवी धरली, तळहातावर दोनदा हलकेच आपटली आणि उजेडासमोर नेली. चपटी, प्लास्टिकची, हातात मावेल एवढी बाटली. आदल्या संध्याकाळपासून ती हलवणाऱ्या यंत्रावर गोल गोल फिरत होती आणि आता आतल्या गुलाबी पाण्यात धुरकट असं काहीतरी तरंगत होतं. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, पाणी नासलं.

"सुटल्या," त्या म्हणाल्या.

"बघू ना, ताई," म्हणत नवी मागून आली आणि त्यांच्या खांद्यावरून वाकली.

ताईंनी बाटली जरा जास्तच लवकर खाली घेतली.

नवीला इथे येऊन दीड वर्ष झालं होतं. पण घरातली धाकटी सून दहा वर्षं नांदली तरी काही घरांत 'नवी'च राहते, तसं तिचं झालं होतं. तिच्या मागून दोघं आले आणि सोडूनही गेले, तरी नवी तीच. ताईंना मात्र सगळे ताईच म्हणत, अगदी प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमसुद्धा, ज्या त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या होत्या. पंधरा वर्षं पेशींची खोली ताईंच्या ताब्यात होती. ऊबपेटीची किल्ली त्यांच्या पदराला नसली तरी कोटाच्या खिशात होती, आणि त्यांना न विचारता ती पेटी उघडायची कोणाची छाती नव्हती.

नवीची होती, असंही नाही. ती प्रत्येक वेळी विचारायची. "ताई, उघडू?" तेच ताईंना सलायचं. उर्मट असती तर दोन शब्द सुनावता आले असते. दोष म्हणून काढावा तर सापडायचा नाही, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा दोष होता.

बाटलीत तरंगत होत्या त्या मेंदूतल्या कोवळ्या पेशी, उंदराच्या दोन दिवसांच्या पिल्लांच्या. मोठ्या झाल्या की या पेशी मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढवतात, विजेच्या तारेवर असतं तसं. ते नसेल तर निरोप वाटेतच गळून जातो, पाय उचल म्हटलं तरी पाय उचलला जात नाही. पण ही अक्कल त्यांना जन्मतः नसते. कोवळी पेशी लांबट असते, दोन टोकांना दोन धागे, आणि तिला हिंडण्याशिवाय काही सुचत नाही. वाढीचं प्रथिन मिळत राहिलं की ती नुसती एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहते. ते बंद केलं की थबकते. मग फांद्या फोडते, एक, दोन, दहा, वीस. आणि शेवटी फांद्यांच्या मधून पातळ पापुद्रे पसरवते. पापुद्रे आले की पेशी पक्व झाली, मज्जातंतू भेटला की त्याच्याभोवती गुंडाळून घ्यायला तयार.

दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत कित्येकदा या पेशी मधेच अडकतात. फांद्या फुटतात, पापुद्रे येत नाहीत. त्या का अडकतात आणि त्यांना पुढे कसं ढकलायचं, याचं पाच वर्षांचं मोठं काम मॅडमना नुकतंच मिळालं होतं. त्यासाठी पक्व पेशी लागणार होत्या, भरपूर आणि दर आठवड्याला. त्या कोणाच्या पद्धतीने करायच्या, एवढाच प्रश्न होता.

ताईंची पद्धत जुनी. दहा दिवस पेशी वाढवायच्या, मग बाटली हलवून वरच्या कोवळ्या सोडवून घ्यायच्या, आणि वाढीचं प्रथिन एकदम न तोडता तीन दिवसांत उतरवत न्यायचं. "बाळाचं दूध तोडतात तसं," ताई म्हणायच्या. नवीची पद्धत चुंबकाची. लोखंडाचे सूक्ष्म मणी कोवळ्या पेशींनाच चिकटतात, चुंबकाजवळ धरलं की त्या तेवढ्या मागे राहतात. दोन तासांत काम तमाम, आणि प्रथिन दुसऱ्याच दिवशी बंद.

तीन महिन्यांपूर्वी मॅडम पेशींच्या खोलीत आल्या, नवीच्या सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि तिथूनच ओरडल्या, "ताई, हिच्या पेशी बघितल्यात? झाडं आहेत झाडं!"

ताईंनी बघितल्या. खरंच झाडं होती. "छान आहेत हो," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पंधरा वर्षांत मॅडमनी त्यांना खूप काही म्हटलं होतं. 'ताई आहेत म्हणून मला काळजी नाही', 'ताईंना विचारा', 'ताईंशिवाय पान हलत नाही'. पण त्यांच्या पेशी बघून असं कधी ओरडल्या नव्हत्या. भरवशाच्या माणसाचं कौतुक कोण करतं? भिंतीचं कोणी करतं का?

तेव्हापासून ताई जळत होत्या. दुसरा सभ्य शब्द नाही. नवी हसली की जळत, नवी गप्प बसली तरी जळत. ती चहाचा कप न मागता त्यांच्या टेबलावर आणून ठेवायची, तो चहासुद्धा घशाखाली उतरताना जळत जायचा.

मग मॅडमनीच तोडगा काढला. "एका म्यानात दोन तलवारी मला नकोत. दोघींनी पेशी बसवलेल्या वीस-वीस काचा करा. पक्व पेशींना हिरवा रंग द्या. मोजायच्याही दोघींनीच, दुसऱ्या कोणाला ती नजर नाही. पण झाकून. काच कोणाची हे मोजणारीला कळता कामा नये. ज्या पद्धतीत जास्त पेशी पक्व, ती पद्धत. आणि जिची पद्धत, तिच्याकडे खोली."

"आणि दुसरीकडे काय?" ताईंनी विचारलं.

"दुसरीने मालाचं बघायचं. मागण्या, साठा. काकांना मदत होईल."

काका म्हणजे कोठीवाले काका. बाटल्या, हातमोजे आणि काचेच्या नळ्यांच्या खोक्यांमध्ये एक खुर्ची आणि एक पंखा, एवढं त्यांचं राज्य. ताईंनी त्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मनातल्या मनात मांडून बघितली. नवीने असं काही मांडून बघितलं नसावं, तिचा चेहरा नेहमीसारखाच होता.

ते अडीच-तीन आठवडे ताईंनी पेशींना जीव लावला. रविवारीही सकाळी आवरून निघाल्या, तेव्हा नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाला,

"आजपण?"

"अर्धं पाणी बदलायचंय."

"ती मुलगी नाही का बदलणार?"

"तिला माझ्या बाटल्यांना हात लावू देऊ?"

त्याने पत्राची घडी घातली. "एवढी वाईट आहे का ती?"

ताई चपला घालता घालता थांबल्या. "वाईट असती तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

त्यांनी प्रथिन उतरवलं ते तीन नाही, चार दिवसांत. पाणी बदलताना नळी अशी धरली की थेंब पेशींवर न पडता कडेने उतरावा. साध्या उजेडात पेशी पुसट दिसतात, फांद्यांपर्यंत कळतं, पापुद्र्याचं काही कळत नाही. ते रंग दिल्यावरच. आणि रंग देऊन झाल्यावर काचा काकांच्या ताब्यात गेल्या. काकांना पेशीतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच हे काम त्यांच्याकडे. त्यांनी चाळीसही काचांच्या कडा स्वतः बंद केल्या, सगळ्यांवर एकसारख्या चिकटपट्ट्या लावल्या, एक ते चाळीस आकडे टाकले, आणि कोणता आकडा कोणाचा याची यादी पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. वर सहीसुद्धा केली.

आधी नवीने मोजल्या. दोन दिवस ती काळ्या पडद्याच्या खोलीत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल, पण तोंडातून अवाक्षर नाही. मग ताई आत गेल्या.

पहिल्या दोन काचांवर पेशी दाटीवाटीने बसल्या होत्या. फांद्या भरपूर, पापुद्रे काहींनाच. ताईंना ओळखीचं वाटलं. आपल्याच, त्या मनात म्हणाल्या. एवढं करून शेवटी हेच. मग त्यांनी तिसरी काच लावली.

काळोखात हिरवं काहीतरी फुललं होतं. पेशी एकमेकींपासून अंतर राखून बसलेल्या, प्रत्येकीच्या फांद्या बारीक होत होत टोकाला गेलेल्या, आणि मधे पापुद्रे, कुठे भरगच्च, कुठे नुकते धरू लागलेले. ताई बघत राहिल्या. असल्या पेशी त्यांनी पंधरा वर्षांत क्वचितच पाहिल्या होत्या. मग त्यांच्या कानात मॅडमचा तो आवाज आला, झाडं आहेत झाडं!

हिच्या. दुसऱ्या कोणाच्या असणार?

खोटा आकडा लिहायचा नाही, हे ताईंच्या हाडात होतं. त्यांनी लिहिलाही नाही. नियम असा होता की पापुद्रा फांद्यांच्या मधली जागा भरत असेल तर पेशी पक्व, नाहीतर अर्धवट. पण मधे अशा कितीतरी असतात ज्यांच्याबद्दल माणसाला ठरवावं लागतं. पापुद्रा आहे, पण टोकापर्यंत आहे का? भरलाय, पण पुरता भरलाय का? शंका घ्यायला कोणाची बंदी आहे? तिसऱ्या काचेवर ताईंनी शंका घेतली. अर्धवट. अर्धवट. हीसुद्धा अर्धवट, एका कोपऱ्यात विरळ आहे. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते उगाच नाही. मीठ बरोबर असतं, जीभ ठरवून बसलेली असते.

चौथी काच पुन्हा दाटीवाटीची. तिथे त्या सैल झाल्या. बिचाऱ्या पेशींनी प्रयत्न तर केलाय, असं म्हणून दोन-चार अर्धवट पेशींना त्यांनी पक्व म्हणून पदरात घेतलं.

दुपारपर्यंत त्या काच लावताक्षणी ओळखायला लागल्या. ही हिची, ही माझी. हाताखालचं मोजायचं यंत्र टकटक वाजत होतं. सुरेख काच आली की त्यांना आधी आनंद व्हायचा, कारण त्यांचा जन्म त्यात गेला होता, आणि त्या आनंदाचाच मग राग यायचा. दुसऱ्या दिवशी चारला चाळिसावी काच संपली. त्यांनी पडदा सारला, तक्ता काकांच्या हाती दिला आणि हात धुतले. साबण दोनदा लावला.

शुक्रवारी सकाळी चौघं मॅडमच्या खोलीत बसले. काकांनी चष्मा पुसला, सही सगळ्यांना दाखवली आणि पाकीट फाडलं.

"ताईंच्या काचा," ते वाचायला लागले. "तीन, पाच, सहा, नऊ, चौदा…"

"काका, उलट वाचताय," ताई म्हणाल्या.

काकांनी कागद जवळ घेतला, मग लांब धरला. "उलट कसं? इथे लिहिलंय. माझंच अक्षर आहे."

"नाही, म्हणजे… तीन नंबर माझी नाही."

"तुमच्याच ट्रेमधून उचलली, ताई. माझ्या हाताने."

मॅडमनी मान वर केली. "तुम्हाला काय माहीत तीन नंबर कोणाची?"

कोणीतरी कानशिलात मारल्यावर कान वाजतात तसे ताईंचे कान वाजत होते. काका पुढचे आकडे वाचत होते आणि प्रत्येक आकड्याबरोबर एकेक हिरवी काच त्यांच्या डोळ्यांपुढे येत होती. नऊ. कडेला सलग सात पेशी होत्या तिथे, सातही त्यांनी मोजणीतून कापल्या होत्या. चौदा. अठरा. सगळ्या आपल्या. चार दिवस उतरवलेलं प्रथिन, रविवारचं पाणी, कडेने सोडलेला थेंब. हे सगळं तिथे होतं आणि त्यांनी आपल्याच हाताने त्यावर अर्धवट असा शिक्का मारला होता.

मॅडमनी बेरजा मांडल्या. मग पुन्हा पहिल्यापासून करून बघितल्या.

"हे विचित्र आहे. नवीच्या काचा ताईंनी मोजल्या तर शंभरात चव्वेचाळीस पक्व, नवीने मोजल्या तर एक्केचाळीस. म्हणजे जुळतंय. पण ताईंच्या काचा, नवीच्या मोजणीत एकोणसाठ, आणि खुद्द ताईंच्या मोजणीत बत्तीस!" त्यांनी पेन खाली ठेवलं. "नवीचं धरलं तर ताईंची पद्धत पुढे. ताईंचं धरलं तर नवीची. कोणाचं धरू?"

काकांनी फाटलेल्या पाकिटाची उगाच घडी घातली.

"ताईंचं धरा," नवी म्हणाली.

"का?"

"माझंच चुकलं असेल." तिने मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मॅडम, सांगायला नको खरं तर. काचा झाकलेल्या होत्या, पण मी ओळखल्या. तिसरी लावली तेव्हाच. एवढ्या नीट, मोकळ्या बसलेल्या पेशी ताईंशिवाय कोणाच्या असणार? मी ठरवून काही केलं नाही, पण ओळखल्यावर हात सैल सुटला असेल. आपलं माणूस म्हटल्यावर होतं तसं. ताईंची नजर पंधरा वर्षांची आहे. त्यांनी बत्तीस म्हटलं तर बत्तीसच."

ताईंनी तिच्याकडे बघितलं. दीड वर्षात पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. नवीच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन दिवस काळोखात बसून ती ज्यावरून स्वतःला खात होती, ते हे होतं.

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. त्यांचा चेहरा हळूहळू निवळला आणि त्यावर असं काहीतरी आलं, जे ताईंनी तीन महिन्यांपूर्वी पाहिलं होतं, फक्त तेव्हा ते दुसरीसाठी होतं.

"बघ, नवी," त्या म्हणाल्या, "याला मोजणं म्हणतात. नुसतं 'तीन माझी नाही' म्हणाल्या, म्हणजे त्यांना आपली काच ओळखूसुद्धा आली नाही. आणि कडक अशा की स्वतःच्या पेशींनाही सोडलं नाही. खोली हातातून जाईल, तरी नाही. आयुष्यभर मी हे पोरांना शिकवतेय, एकाला जमलं नाही." त्या ताईंकडे वळल्या. "ताई, तुमच्यासारखी मोजणारी मी पाहिली नाही हो."

हे ऐकायला ताई पंधरा वर्षं थांबल्या होत्या. आता नुसतं मान डोलावून 'असू दे' म्हणायचं होतं. खोली गेली असती, पण असं नाव कमावून गेली असती की कोठीतल्या खुर्चीतही ताठ बसता आलं असतं. नवीने जन्मभर त्यांना मान दिला असता. कोणाला काही कळलं नसतं. काकांनी तर पाकीट खिशात टाकलंही होतं.

ताईंनी समोरचा आपला तक्ता ओढून घेतला. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं.

"मॅडम, नवीचे आकडे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या.

"अहो, पण ती स्वतःच म्हणतेय की तिने ओळखल्या."

"मीपण ओळखल्या होत्या." ताईंना वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण फुटला, आणि स्वच्छ फुटला. "हिच्या म्हणून."

मॅडम अजून हसऱ्याच चेहऱ्याने त्यांच्याकडे बघत होत्या. नवीने मात्र ताईंच्या समोरून तक्ता अलगद काढून घेतला आणि पालथा घालून आपल्या हाताखाली ठेवला.